स्वस्त स्मार्टफोनची पारख: कोणती तडजोड पत्करावी आणि कोणती टाळावी

स्वस्त स्मार्टफोन तयार करताना उत्पादकाला कुठे ना कुठे हात आखडता घ्यावाच लागतो, आणि त्यात गैर असे काही नाही. प्रश्न एवढाच असतो, की तो नेमका कुठे आखडला आहे हे आपल्याला पैसे मोजण्याआधी कळते की नंतर. जाहिरातीत आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले आकडे, म्हणजे मेगापिक्सेल, बॅटरीची क्षमता, प्रोसेसरमधले आठ कोअर (गणना करणारे भाग) इत्यादी, हे सहसा जिथे हात सैल सोडला आहे तिथले असतात. जिथे कात्री लागली आहे ते तपशील बारीक अक्षरांत जातात किंवा छापलेच जात नाहीत. म्हणून आकड्यांची मनातल्या मनात बेरीज करून फोन निवडणे फसवे ठरते.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना फोन निवडून देताना, आणि तेच फोन दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीसाठी किंवा तक्रारीसाठी पुन्हा हातात घेताना, उणिवांचे दोन गट माझ्या लक्षात येत गेले. काही उणिवा पहिल्या दिवशी जेवढ्या असतात तेवढ्याच शेवटच्या दिवशीही राहतात: प्लॅस्टिकची पाठ, सावकाश होणारे चार्जिंग, अंधारात साधारण फोटो काढणारा कॅमेरा. माणूस त्यांच्याशी जुळवून घेतो. दुसऱ्या गटातल्या उणिवा मात्र महिन्यागणिक वाढत जातात: अपुरी रॅम (उघडलेली ॲप तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती), संथ आणि लहान स्टोरेज (ॲप, फोटो कायम साठवण्याची जागा), लवकर बंद होणारे सुरक्षा अपडेट. फोन नवा असताना त्या जाणवतही नाहीत, आणि वर्षा-दीड वर्षात त्यांच्यामुळेच फोन टाकून देण्याची वेळ येते. मर्यादित पैशांत फोन घेताना पहिल्या गटातल्या तडजोडी मोकळ्या मनाने पत्कराव्यात आणि वाचलेली रक्कम दुसऱ्या गटातल्या तडजोडी टाळण्यासाठी खर्चावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सारे विवेचन याच सूत्राला धरून आहे.

सुरुवातीला एका कागदावर हा फोन कोण वापरणार, दिवसातून किती वेळ वापरणार आणि त्यावर कोणती चार-पाच ॲप रोज उघडली जाणार, एवढे लिहून काढावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी ते टाळू नये, कारण विक्रेत्यासमोर उभे राहिल्यावर आपली गरज विसरून समोरच्या फोनची वैशिष्ट्ये हीच आपली गरज वाटू लागते.

रॅम आणि स्टोरेज

कमी किमतीचा फोन घेणाऱ्याची सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

रॅम कमी पडली म्हणजे फोन बंद पडतो असे नाही. मागे ठेवलेली ॲप तो गुपचूप बंद करू लागतो. एखादा ऑनलाइन अर्ज अर्धा भरून झाला आहे, कागदपत्राचा फोटो काढण्यासाठी आपण कॅमेरा उघडतो, परत येतो, आणि अर्ज पुन्हा कोरा झालेला असतो. पैसे भरण्याच्या पानावरून ओटीपी पाहण्यासाठी संदेशांत जावे, तर मागचे पान नव्याने उघडू लागते आणि व्यवहार अडकतो. वापरणाऱ्याला वाटते की आपलेच काही चुकले. ज्येष्ठ मंडळी तर अशा दोन-तीन प्रसंगांनंतर फोनवरून कामे करणेच सोडून देतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष त्यांचा नसतो, अपुऱ्या रॅमचा असतो.

सामान्य वापरासाठी ४ जीबी रॅम ही आज किमान मर्यादा समजावी आणि ६ जीबी मिळत असेल तर त्यासाठी थोडे अधिक पैसे देणे योग्य ठरते. ४ जीबीहून कमी रॅमच्या फोनमध्ये बहुधा अँड्रॉइडची ‘गो’ आवृत्ती असते. ही हलकी आवृत्ती २०१७ मध्ये अँड्रॉइड ८.१ बरोबर आली. तेव्हा ती १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी होती, आणि अँड्रॉइड १३ पासून तिच्यासाठीही किमान २ जीबी रॅम लागू लागली. फोन करणे, संदेश पाठवणे आणि अधूनमधून व्हिडिओ पाहणे एवढ्यापुरती ती पुरते. मात्र तिच्यात काही सोयी मुद्दाम काढून टाकलेल्या असतात. उदाहरणार्थ, इतर ॲपच्या वर तरंगणारी खिडकी दाखवण्याची परवानगी अँड्रॉइड १० पासून गो आवृत्तीत ॲपना मिळत नाही.

इथेच ‘आभासी रॅम’ या प्रकाराची ओळख करून घ्यावी. खोक्यावर ‘८ जीबी’ असे ठळक छापलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘४ + ४’ असे असते. यातले दुसरे ४ जीबी म्हणजे रॅम नव्हे. स्टोरेजचा एक तुकडा रॅमसारखा वापरण्याची ती व्यवस्था आहे. स्टोरेज हे रॅमपेक्षा कित्येक पटींनी संथ असते, आणि स्वस्त फोनमध्ये तर ते आणखीच संथ असते, त्यामुळे या बेरजेचा लाभ फार थोडा मिळतो, शिवाय स्टोरेजवर सतत लिहिले जाऊन त्याची झीज वाढते. बेरजेच्या चिन्हाच्या आधीचा आकडा तेवढा खरा मानावा.

स्टोरेजच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्या लागतात: किती आहे आणि कोणत्या जातीचे आहे. ‘किती’चा हिशेब सोपा आहे. ६४ जीबी लिहिलेल्या फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम आणि आधीपासून भरून दिलेली ॲप मिळून पंधरा-वीस जीबी सहज व्यापतात. उरलेल्या जागेत गटागटांतून येणारे फोटो आणि व्हिडिओ साठत जातात आणि वर्षभरात ‘जागा अपुरी आहे’ ही सूचना रोजची होते. १२८ जीबी असल्यास हा त्रास बऱ्याच अंशी टळतो. मेमरी कार्ड घालण्याची सोय असेल तर फोटो आणि गाणी तिकडे ठेवता येतात हे खरे, तरी ॲप आणि त्यांची माहिती मुख्यतः फोनच्या मूळ स्टोरेजमध्येच राहते, त्यामुळे कार्डाच्या भरवशावर लहान स्टोरेज घेऊ नये.

‘कोणत्या जातीचे’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी किंवा यूएफएस या दोनपैकी एका प्रकारचे स्टोरेज असते. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही कामे एकाच वेळी करू शकते. ईएमएमसी ५.१ ची सैद्धांतिक कमाल गती सेकंदाला ४०० एमबी आहे, तर यूएफएस २.२ ची सुमारे १२०० एमबी. प्रत्यक्ष वापरात हा फरक कसा दिसतो? मागे ॲपचे अपडेट उतरत असताना ईएमएमसी असलेला फोन कळफलक उघडायलाही क्षणभर अडखळतो, आणि आपण प्रोसेसरला दोष देत बसतो. शिवाय फ्लॅश प्रकारचे (ही दोन्ही त्याच प्रकारची आहेत) कोणतेही स्टोरेज भरत आले की त्याला नवे लिहिण्याआधी जुने ठोकळे पुसून, माहिती इकडून तिकडे हलवून जागा करावी लागते, म्हणून भरलेला फोन आणखी मंदावतो. संथ स्टोरेज आणि लहान स्टोरेज एकत्र आले की ही उणीव दरमहा वाढतच जाते.

हा तपशील खोक्यावर नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावा, आणि तो नेमक्या आपण घेत असलेल्या प्रकारासाठी पाहावा. एकाच नावाच्या फोनच्या ६४ जीबी प्रकारात ईएमएमसी आणि १२८ जीबी प्रकारात यूएफएस असे घडते. त्याचप्रमाणे एकाच नावाच्या ४जी आणि ५जी फोनमध्ये प्रोसेसरसकट सारेच वेगळे असू शकते.

प्रोसेसर

‘आठ कोअर’ हे शब्द वाचून काहीही कळत नाही, कारण कोअर किती यापेक्षा ते कोणत्या पिढीचे आहेत याला महत्त्व आहे. मीडियाटेक या कंपनीच्या हीलियो जी३५ या चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये, आठ कोअर आहेत, आणि ते आठही कॉर्टेक्स-ए५३ या आराखड्याचे आहेत, जो आर्म कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केला होता. मीडियाटेकच्याच हीलियो जी८५ मध्येही कोअर आठच, परंतु त्यांतले दोन कॉर्टेक्स-ए७५ हे ताकदीचे आणि सहा कॉर्टेक्स-ए५५ हे काटकसरीचे आहेत. हीलियो जी९९ मध्ये दोन कोअर त्याहून नव्या कॉर्टेक्स-ए७६ आराखड्याचे असून चिप ६ नॅनोमीटर या अधिक सूक्ष्म पद्धतीने बनलेली असल्यामुळे ती वीजही कमी खाते. ॲप उघडणे, पान वर-खाली सरकवणे, कळफलकाने प्रतिसाद देणे ही रोजची कामे एक-दोन ताकदीच्या कोअरवरच अवलंबून असतात. आठ दुबळे कोअर तिथे एकमेकांच्या मदतीला येऊ शकत नाहीत.

त्यामुळे नियम असा ठेवावा, की चिपचे नाव शोधून तिच्यात निदान दोन ताकदीचे कोअर आहेत का हे पाहावे. तेवढे असले तर साध्या वापरासाठी पुढच्या तुलनेत वेळ घालवण्याची गरज नाही. खेळ खेळणाऱ्यांनी मात्र ग्राफिक्सची क्षमता आणि पंधरा-वीस मिनिटांनंतर फोन तापून मंदावतो का, हे स्वतंत्रपणे तपासावे.

अपडेट: न दिसणारी मुदत

प्रत्येक फोनला एक मुदत असते आणि ती खोक्यावर फारच क्वचित छापलेली असते. गूगल ऑगस्ट २०१५ पासून अँड्रॉइडमधील सुरक्षा-त्रुटींची सूचनापत्रे दरमहा प्रसिद्ध करते. त्या त्रुटी बुजवणारे अपडेट आपल्या फोनपर्यंत पोहोचवणे मात्र फोनच्या उत्पादकाच्या हाती असते. महागड्या फोनला ते दरमहा आणि अनेक वर्षे मिळतात, तर स्वस्त फोनला तीन-तीन महिन्यांनी, आणि कधी कधी दोन वर्षांनंतर मिळतच नाहीत. अपडेट थांबले तरी फोन चालतच राहतो, म्हणून हा धोका डोळ्यांना दिसत नाही. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होणार आहेत, त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ मानणे मला मान्य नाही. शिवाय कालांतराने बँकांची आणि इतर महत्त्वाची ॲप जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांवर चालणे बंद करतात, आणि मग यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते.

इथे तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार. दुसरी, ती वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची. बहुतेक वेळा मोजणी फोन बाजारात आला त्या दिवसापासून होते, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. चार वर्षांचे आश्वासन असलेला फोन बाजारात येऊन दोन वर्षे झाली असतील, तर सवलतीत मिळालेल्या त्या फोनची दोनच वर्षे उरलेली असतात. तिसरी, त्या उत्पादकाने आपल्या जुन्या स्वस्त फोनना दिलेला शब्द पाळला आहे का. त्यासाठी ओळखीतल्या कोणाकडे त्याच कंपनीचा जुना फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या विभागात सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती तारीख जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह साक्ष देते.

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती मिळणार, या प्रश्नाला मी त्या मानाने कमी महत्त्व देतो. कमी रॅमच्या फोनवर मोठी नवी आवृत्ती कधी कधी ओझेच ठरते. शिवाय अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टीमचे काही भाग गूगल प्लेमार्फत थेट अद्ययावत होऊ लागले आहेत, ही स्वस्त फोन वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय झाली आहे, मात्र ती मूळ सुरक्षा अपडेटची जागा घेऊ शकत नाही.

पडदा

स्वस्त फोनचा पडदा मोठा असतो, पण त्यावरचे ठिपके कमी असतात. साडेसहा इंची पडद्यावर ७२० × १६०० ठिपके असतील तर एका इंचात सुमारे २७० ठिपके येतात. १०८० × २४०० असतील तर सुमारे ४०५. देवनागरी वाचणाऱ्यांना हा फरक लहान अक्षरांत जाणवतो: रफार, अनुस्वार आणि दाटीवाटीची जोडाक्षरे कमी ठिपक्यांच्या पडद्यावर किंचित पुसट दिसतात. अक्षरांचा आकार एक पायरी वाढवला की ही उणीव जवळजवळ भरून निघते. शिवाय कमी ठिपक्यांची एक भली बाजूही आहे, जी सहसा सांगितली जात नाही. पहिल्या पडद्यावर एकूण साडेअकरा लाख ठिपके रंगवायचे असतात आणि दुसऱ्यावर जवळपास सव्वीस लाख. दुबळ्या चिपवरचा भार सव्वादोन पटींनी कमी होतो आणि बॅटरीही अधिक टिकते. म्हणून कमी ठिपके ही मी पत्करण्याजोगी तडजोड मानतो.

पडद्याच्या उजेडाची तडजोड मात्र विचारपूर्वक करावी. ज्यांचे काम उन्हात चालते, त्यांना ४०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) आसपासचा पडदा दुपारी नीट दिसत नाही, आणि ही उणीव रोज भोगावी लागते. याउलट ९० किंवा १२० हर्ट्झच्या, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते त्या, आकड्याला भुलू नये. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर फक्त ८.३, तेवढ्या वेळात चित्र तयार करण्याची ताकद चिपमध्ये नसेल तर आकडा १२० आणि अनुभव अडखळता, अशी स्थिती होते. ज्यांना सशुल्क सेवांवर चित्रपट पाहायचे असतात त्यांनी फोनला वाइडवाइन या नक्कल-प्रतिबंधक व्यवस्थेची ‘एल१’ पातळी आहे ना, हे पाहावे. ‘एल३’ पातळीवर अशा सेवा सहसा कमी स्पष्टतेचेच चित्र देतात, मग पडदा कितीही चांगला असो.

बॅटरी आणि चार्जिंग

या बाबतीत स्वस्त फोन खरोखरच उजवे ठरतात. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, कमी ठिपक्यांचा पडदा आणि बेताची चिप यांचा मेळ बसला की साधारण वापरात दीड-दोन दिवस निघतात, आणि अनेक महागड्या फोनना हे जमत नाही. तडजोड चार्जिंगच्या गतीत असते. अशा बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे १० वॉटच्या चार्जरने ती भरायला कागदोपत्री दोन तास, आणि वाटेतली गळती व शेवटच्या टप्प्यातील मंद गती धरली तर अडीच ते तीन तास लागतात. रात्री फोन लावून ठेवणाऱ्याला यात काहीही गमवावे लागत नाही.

मात्र बॅटरी बदलून मिळेल का, याची चौकशी आधीच करावी. प्रत्येक लिथियम बॅटरी झिजते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनसाठी लागू केलेल्या नियमांत ८०० चार्जिंग-चक्रांनंतर (बॅटरी पूर्ण वापरून पुन्हा पूर्ण भरण्याच्या फेऱ्यांनंतर) बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के उरावी अशी अपेक्षा आहे, आणि अन्यत्र फोन घेतानाही हा आकडा तुलनेसाठी वापरता येतो. स्टोरेज आणि अपडेट या दोन्ही कसोट्यांवर उतरलेला फोन केवळ बॅटरी थकली म्हणून टाकावा लागू नये. चार्जिंगसाठी टाइप-सी जोडणी असलेलाच फोन घ्यावा, आणि खोक्यात चार्जर आहे की तो वेगळा घ्यावा लागणार, हे किमतीच्या हिशेबात धरावे.

कॅमेरा

स्वस्त फोनवरचा ‘५० मेगापिक्सेल’ हा आकडा खोटा नसतो, पण तो जे सुचवतो ते खरे नसते. असा कॅमेरा एरवी चार शेजारी ठिपक्यांचा प्रकाश एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि तसे करण्याचे कारण हेच, की लहानशा सेन्सरवरचा एकेक ठिपका पुरेसा प्रकाश गोळा करू शकत नाही. फोटोची प्रत सेन्सरच्या आकारावर, भिंगावर आणि चिपच्या प्रक्रिया-क्षमतेवर ठरते. जोडीला दिलेले २ मेगापिक्सेलचे ‘मॅक्रो’ किंवा ‘डेप्थ’ कॅमेरे मुख्यतः पाठीवर भिंगांची संख्या वाढवतात. ते नसल्याचे धरूनच तुलना करावी.

भर उजेडात स्थिर वस्तूचे फोटो आज जवळपास प्रत्येक स्वस्त फोन चांगले काढतो. उणीव दिसते ती घरातल्या दिव्यांच्या प्रकाशात हलणाऱ्या लहान मुलाचा फोटो काढताना, कारण हाताचा कंप भरून काढणारी ऑप्टिकल स्थिरता अशा फोनमध्ये बहुधा नसते. कॅमेरा हाताळून पाहता आला तर विक्रेत्याच्या दिव्यांखाली चालत्या माणसाचा एक आणि छापील कागदाचा जवळून एक, असे दोन फोटो काढावेत. दुसऱ्या फोटोतील बारीक अक्षरे वाचता आली तर कागदपत्रांचे काम भागेल.

जोडणी आणि सेन्सर

तपशिलांच्या तक्त्यात ‘नाही’ असे सहसा लिहिलेले नसते. जी गोष्ट नाही ती केवळ गाळलेली असते. त्यामुळे इथे गाळलेल्या जागा वाचायला शिकावे लागते. वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्झचे आहे की ५ गिगाहर्ट्झचेही आहे? दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या अनेक राउटरची गर्दी असते आणि गती घसरते. दोन सिम आणि मेमरी कार्ड तिन्ही एकाच वेळी बसतात, की दुसरे सिम आणि कार्ड यांत एकाची निवड करावी लागते? आपण वापरत असलेल्या दूरसंचार सेवेच्या वारंवारिता हा फोन पकडतो का? फोन टेकवून पैसे द्यायचे असतील तर एनएफसी आहे का? मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राचे काम करणारा सेन्सर, नसेल तर नकाशावर आपली जागा दिसते, पण आपले तोंड कोणत्या दिशेला आहे हे कळत नाही, आणि अनोळखी ठिकाणी पायी चालताना याचा फार त्रास होतो.

एक सेन्सर असा आहे, की त्याच्याविषयी मी स्वतः चुकलो आहे. काकूंसाठी घेतलेल्या एका फोनमध्ये प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे फोन कानाला लावताच पडदा विझवणारा सेन्सर, खरा नव्हता. फोन कानाजवळ आला आहे याचा अंदाज तो इतर सेन्सर आणि सॉफ्टवेअर यांच्या आधारे बांधत असे, आणि तो अंदाज वारंवार चुके. बोलता बोलता पडदा उजळायचा, गाल लागून आवाज बंद व्हायचा किंवा कॉल तुटायचा. रॅम, स्टोरेज, अपडेट सारे काही तपासून घेतलेला तो फोन ‘फोन’ म्हणूनच कमी पडला, आणि ज्यांचा मुख्य उपयोग बोलण्याचाच होता त्यांना मी तो दिला होता. तेव्हापासून फोन हातात आल्यावर सर्वांत आधी मी एक कॉल लावतो, तो कानाला धरतो, बाजूला घेतो, पुन्हा धरतो, आणि पडदा प्रत्येक वेळी विझतो-उजळतो का हे पाहतो.

बांधणीविषयी फार चिंता करू नये. प्लॅस्टिकची पाठ हलकी असते, पडल्यावर फुटत नाही आणि बदलायला स्वस्त पडते. ‘आयपी५४’ असे लिहिले असेल तर धूळ आणि पाण्याचे शिंतोडे यांपासून संरक्षण आहे, बुडवण्यापासून नाही, एवढे लक्षात ठेवावे. इअरफोनचे भोक आणि मेमरी कार्डाची जागा या सोयी महागड्या फोनमधून नाहीशा होत असताना स्वस्त फोनमध्ये अजून टिकून आहेत.

दोन फोन समोर ठेवून

समजा, एकाच किमतीत दोन फोन आहेत. पहिल्यात ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा, १२० हर्ट्झचा पडदा आणि वेगवान चार्जिंग, पण ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी आणि दोन वर्षांचे अपडेट. दुसऱ्यात १३ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ६० हर्ट्झ आणि १० वॉटचे चार्जिंग, पण ६ जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस आणि चार वर्षांचे अपडेट. पाच मिनिटे हाताळल्यावर पहिला फोन अधिक देखणा आणि चपळ वाटेल, आणि बहुतेक जण तोच घेतील. मी दुसरा घेईन, कारण त्याच्या साऱ्या उणिवा आजच दिसत आहेत आणि त्या यापुढे वाढणार नाहीत. अपवाद असा, की ज्याला वर्षभरात फोन बदलायचाच आहे, किंवा ज्याला आहे त्या फोनच्या जोडीला केवळ पर्यायी फोन हवा आहे, त्याने पहिला घेतला तर त्याचे काही बिघडत नाही.

तेवढ्याच पैशांत दोन-तीन वर्षांपूर्वीचा, वापरलेला पण वरच्या श्रेणीतला फोन घेणे हा तिसरा मार्ग आहे. त्यात चिप, पडदा आणि कॅमेरा निःसंशय सरस मिळतात. परंतु बॅटरी झिजलेली असते, पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीइतके भरवशाचे राहत नाही, आणि अपडेटची बरीच मुदत संपलेली असते. उरलेली मुदत दोन वर्षांहून अधिक असेल आणि बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनही हिशेब जमत असेल, तरच या वाटेला जावे. *#०६# डायल करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख) खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.

घरी आणल्यावर

फोन पहिल्यांदा सुरू करताना येणाऱ्या प्रत्येक पानावर घाईने ‘मान्य’ दाबत जाऊ नये. स्वस्त फोनच्या किमतीचा काही भाग आधीपासून भरलेल्या ॲपमधून आणि जाहिरातींतून वसूल केला जातो. वैयक्तिक जाहिराती, लॉक पडद्यावरील चित्रे आणि ‘सुचवलेली ॲप’ यांना तिथेच नकार देता येतो. नको असलेली ॲप काढावीत, जी काढता येत नाहीत ती निष्क्रिय करावीत. नंतर सर्व अपडेट उतरवून फोन एकदा बंद-चालू करावा आणि मगच त्याच्या गतीविषयी मत बनवावे, कारण पहिल्या काही तासांत मागे बरेच काम चाललेले असते. संदेशांच्या ॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करावी आणि स्टोरेजचा निदान सातवा-आठवा हिस्सा नेहमी मोकळा ठेवावा.

पहिल्या आठवड्यात, परत करण्याची मुदत संपण्याआधी, फोन अगदी रोजच्यासारखा वापरावा: उन्हात पत्ता शोधावा, दोन्ही सिमवरून बोलावे, बोटाचा ठसा ओल्या आणि कोरड्या हाताने देऊन पाहावा, चार्जरला लावून फोन किती तापतो ते पाहावे. एखादा लांबलचक ऑनलाइन अर्ज अर्धा भरावा, कॅमेरा उघडून फोटो काढावा आणि परत यावे. भरलेली माहिती जागेवर असेल तर फोन ठेवून घ्यावा. पान पुन्हा पुन्हा कोरे होत असेल, तर मुदत उलटण्याआधी तो परत करून अधिक रॅमचा घ्यावा.